नाव मावलं नाही

त्यांना आम्ही तक्तेबुवा म्हणत असू. समोर नुसतं बुवा. हातात कागद आला की त्यावर चौकोन काढायचे, चौकोनात ओळी, ओळींवर नावं, आणि एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारा बाण. चहाच्या कपाखालचा कागदी रुमालसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसे. लहान मुलांच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दोघं नोकरीला होतो. तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून आमची खोली. खिडकी एकच, तीही अँब्युलन्स उभ्या राहतात त्या बाजूला.

हॉस्पिटलचा सगळा कारभार ज्या प्रोग्रॅमवर चालायचा तो बुवांनी लिहिलेला होता. नोंदणी, तपासणी, औषधं, वॉर्ड, घरी सोडणं, सगळं. मी तो तपासायची. त्यांनी नवीन काही केलं की ते मोडून दाखवणं हे माझं काम. "तू माझी सासू आहेस," ते म्हणायचे. "कसंही वाढलं तरी तुझं आपलं मीठ कमीच."

माणूस अबोल, पण डेटाबेसचा विषय निघाला की थांबायचे नाहीत. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, दोन ठिकाणी लिहिली की एके दिवशी त्या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसतात, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, फॉर्मवरचा प्रत्येक रकाना म्हणजे आपण कुणाला तरी विचारलेला प्रश्न. "पोर तापाने फणफणलंय, कडेवर आहे, आणि तू बाईला विचारतेस, पिन कोड काय? लाज वाटली पाहिजे आपल्याला." दर सोमवारी सकाळी तासभर ते नोंदणीच्या काउंटरमागे नुसते उभे राहायचे, लोक काय विचारतात, क्लार्क कुठे अडखळतात ते बघत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी चौदा वर्षं त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्याबद्दल लिहायचं मनात कधीपासून होतं, हात धजत नव्हता.

झालं ते असं. आमच्याकडे पूर्वी बाहेरच्या तपासणीचं रजिस्टर वेगळं होतं आणि वॉर्डचं वेगळं. दोन्ही एकत्र केली तेव्हा कळलं, की नऊ हजारांवर मुलांची नोंद दोनदा झालीय. कुठे ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, कुठे एक अक्षर इकडचं तिकडे. साहेबांनी बुवांना सांगितलं, हा गोंधळ निस्तरा. बुवांनी दोन महिने खपून नियम बसवले. जन्मतारीख तीच, फोन तोच, पत्ता तोच, आणि नावात एकाच अक्षराचा फरक, तर मूल एकच समजून दोन नोंदींची एक करायची.

"आणि जुळी?" मी विचारलं होतं. सासूचं कामच ते.

"जन्माच्या फॉर्मवर जुळ्यांची खूण असते. ती असेल तर हात लावायचा नाही."

मी शंभरेक खोटी मुलं तयार करून तपासलं. माझी जुळी वेगळी राहिली, माझी चुकीच्या स्पेलिंगची मुलं एक झाली. मी सही केली. काम पार पडलं, साहेबांनी सगळ्यांसमोर बुवांचं कौतुक केलं, आणि बुवा मान खाली घालून खुर्चीच्या हाताचा रंग खरवडत बसले.

तीन आठवड्यांनी काउंटरवरून फोन आला. तिथली मुलगी नवीन होती आणि रडत होती. आम्ही दोघं धावत गेलो.

काउंटरसमोर एक बाई उभी होती. बत्तीस-तेहतीस वर्षांची असेल. एका हातावर, मनगटाच्या वर, भाजल्याचे जुने डाग. ती लाँड्रीत इस्त्रीचं काम करते हे नंतर कळलं. तिच्याबरोबर सात वर्षांची मुलगी, घसा दुखतो म्हणून आणलेली. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीनवर जे आलं ते पाहून ती गोंधळली, आणि गोंधळात जे वाचलं ते बोलून गेली. "ताई, यात पेशंट मृत दाखवतंय."

बाईच्या आधी मुलगीच बोलली.

"आई, हे माझ्याबद्दल आहे का?"

या बाईला जुळ्या मुली होत्या. अकरा मिनिटांच्या अंतराने झालेल्या, म्हणून घरात एकीला थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. आठ महिन्यांपूर्वी धाकटी आमच्याच वॉर्डात गेली होती, मेंदूत ताप जाऊन. मुलींचा जन्म दुसऱ्या गावचा, त्यामुळे आमच्याकडे जन्माचा फॉर्म नव्हता आणि जुळ्यांची खूणही नव्हती. आईबापांनी हौसेने नावं ठेवली होती ती एका शेवटच्या अक्षराच्या फरकाची. बुवांच्या नियमाने त्यांची एकच मुलगी केली, आणि दोन नोंदींपैकी एकीवर 'मृत' असेल तर तेच खरं धरायचं, हा दुसरा नियमही त्यांचाच. मेलेल्या मुलाच्या घरी चुकून लसीची आठवण जाऊ नये, म्हणून केलेला.

बुवा त्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसले. "नाही बाळा. ही माझी चूक आहे. माझ्याकडून लिहिताना चुकलं."

"मग खोडा," ती म्हणाली.

जुन्या नोंदींची प्रत बुवांनी राखून ठेवली होती. जागा फार लागते म्हणून साहेबांची कुरकुर होती, तरी यांनी हट्टाने नव्वद दिवस ठेवायला लावली होती. तासाच्या आत त्यांनी दोघींच्या नोंदी पुन्हा वेगळ्या केल्या. त्याच दिवशी बाकीची सगळी जोडणी तपासायला घेतली. अशी आणखी चौदा घरं सापडली. त्यांतल्या कुणाला अजून काही कळलं नव्हतं, तेवढं आमचं नशीब.

पण दोघींच्या नोंदी वेगळ्या केल्यावर बुवांना त्यात खोट दिसली. थोरलीच्या नावावर एकाच महिन्यात दोन वजनं होती, अठरा किलो आणि एकवीस किलो. म्हणजे आम्ही जोडण्याच्या कितीतरी आधीपासून दोघींच्या भेटी एकमेकींच्या नावावर पडत होत्या. थोरलीच्या घशाचं छोटं ऑपरेशन करायचं डॉक्टर बोलले होते. मागचं सगळं बरोबर असणं भाग होतं. आणि बरोबर काय ते जगात एकच माणूस सांगू शकत होतं.

बुवांनी त्या बाईला फोन केला. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, सकाळची पाळी संपवून, सलग तीन दिवस. थोरली तेव्हा शाळेत असायची.

बुवांनी एकसष्ट भेटींची यादी छापून ठेवली होती. शेजारी दोन पेन्सिली, थोरलीसाठी निळी, धाकटीसाठी लाल. ते तारीख वाचायचे, डॉक्टरांनी काय लिहिलं ते वाचायचे, आणि बाई सांगायची कुणाची. मी पलीकडच्या टेबलावर काम करायचं सोंग करत ऐकत असे.

"कानात रबराचा तुकडा."

"धाकटी. खोडरबर कुरतडून घातला कानात."

"दुसऱ्याच दिवशी परत तेच. डॉक्टरांनी लिहिलंय, 'पुन्हा'."

"ती थोरली. धाकटीला दवाखान्यात गोळी मिळाली ना चघळायला, मग हिनेही घातला." ती हसली. पहिल्यांदा. बुवाही हसले, आणि डॉक्टरांचं 'पुन्हा' खोडून तिथे निळी खूण केली.

असं करत करत ती बोलती झाली. धाकटीला डाव्या गालावर खळी होती. थोरली काही मागायचं असलं की धाकटीला पुढे करायची. आजारपण मात्र दोघी वाटून घ्यायच्या, एकीचं सरलं की दुसरीचं.

दुसऱ्या दिवशी एका तारखेवर ती अडली. "ही कुणाचीच नाही."

"इथे लिहिलंय, तपासलं, तब्येत ठीक."

"त्या दिवशी कुणी आजारी नव्हतं. त्या दिवशी ह्यांचे वडील घर सोडून गेले. मला कुठे जावं सुचेना. इथे बसायला बाकं असतात. नंबर लागला तेव्हा थोरलीला पुढे केलं."

बुवांनी दोन्ही पेन्सिली खाली ठेवल्या. ती ओळ त्यांनी तशीच, बिनरंगाची सोडली.

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला विचारलं, आपल्या मुलीच्या हाताला प्लास्टर घातलं होतं ते कितवीत असताना? त्यांची मुलगी आता मोठी होऊन दूर नोकरीला आहे. बायको म्हणाली, "तुम्हाला कसं आठवेल? तेव्हा तुमचा प्रोग्रॅम सुरू व्हायचा होता. मीच नेलं होतं तिला." हे मला त्यांच्या बायकोने खूप नंतर सांगितलं. वहिनी ते टोचून बोलल्या नव्हत्या. बुवा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी यादी संपत आली. शेवटची ओळ धाकटीच्या शेवटच्या भरतीची होती. ती वाचायची गरज नव्हती, बुवांनी वाचली नाही. बाईनेच विषय काढला.

"सर, एक विचारू? तिला त्या दिवशी आणलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध सोसत नाही का. तिला एका औषधाने पुरळ यायची, मला माहीत होतं. पण माझं डोकंच चालेना. नाव आठवेना औषधाचं. मी म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं. नंतर नर्स म्हणाली, पुरळ आली म्हणून औषध बदललं. तेव्हापासून माझ्या मनात आहे, की पर्समधून मी थोरलीचं कार्ड दिलं. घाईत. दोन्ही कार्डं एकाच कप्प्यात असायची. तुम्हाला बघता येईल का, मी कुठलं कार्ड दिलं?"

बुवा म्हणाले, "बघता येईल. मला उद्यापर्यंत वेळ द्या."

कुणी, किती वाजता, कुणाची नोंद उघडली, हे प्रोग्रॅम आपोआप लिहून ठेवतो. ते पण बुवांनीच केलेलं. ती गेल्यावर त्यांनी शोधलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते.

त्या दिवशी कार्डाचा नंबर कुणी टाकलाच नव्हता. भरती करणाऱ्या डॉक्टरांनी फोन नंबरवरून शोधलं होतं. शोधल्यावर यादी येते, त्यात दोन ओळी आल्या. यादीत आडनाव आधी, मग वडिलांचं नाव, मग मुलाचं, आणि चोवीस अक्षरांनंतर नाव कापलं जातं. या मुलींचं आडनाव लांबलचक, वडिलांचं नाव त्याहून लांब. मुलींच्या नावाची पहिली दोन अक्षरंच चौकटीत मावत होती, आणि ती दोघींची सारखीच. डॉक्टरांसमोर दोन ओळी हुबेहूब एक. त्यांनी वरची उघडली. ती थोरलीची. तिथे न सोसणाऱ्या औषधांच्या रकान्यात काहीच नव्हतं. अडतीस सेकंदांनी त्यांनी औषध लिहिलं. तासाभराने नर्सने पुरळ लिहिली, औषध बदललं. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात येऊन भरती धाकटीच्या नावावर नेली गेली.

बुवांनी ती नोंद पुन्हा एकदा वरपासून वाचली. मग त्यांनी एक दुसरी फाईल उघडली. लोक ज्या सुधारणा सुचवत त्यांची यादी आम्ही त्यात ठेवत असू. दोनशे चौदावी ओळ, नऊ वर्षांपूर्वीची: 'यादीत लांब नावं कापली जातात, वॉर्डातील सिस्टरची तक्रार.' पुढच्या रकान्यात महत्त्व लिहायचं असतं. तिथे होतं, 'कमी'.

ते 'कमी' मी लिहिलं होतं. मला तो दिवसही आठवतो. सिस्टर वैतागून सांगून गेल्या होत्या आणि मला ती नुसती दिसण्याबद्दलची तक्रार वाटली होती. तपासायला मी जी खोटी मुलं करायची त्यांची नावं दोन-तीन अक्षरांची असत, पटापट टाइप होतात म्हणून. माझ्या एकाही मुलाचं नाव कधी कापलं गेलं नाही.

बुवांनी फाईल बंद केली. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांकडे गेले, साहेबांनी मुख्य डॉक्टरांना बोलावलं. मीही होते. डॉक्टर कागद वाचून म्हणाले, "ताप मेंदूत शिरला होता. मूल आलं तेव्हाच उशीर झाला होता. त्या एका तासाने फरक पडला नसता."

"नक्की?" बुवांनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बहुधा."

साहेब म्हणाले, "मग झालं तर. वरून रीतसर चौकशी होईल. तुम्ही त्या बाईंना काही सांगायला जाऊ नका. ते तुमचं काम नाही."

"तिने मला विचारलंय," बुवा म्हणाले.

"म्हणून काय झालं?"

"मी उद्या सांगतो म्हणालोय."

शेवटी डॉक्टरच म्हणाले, मी बरोबर बसतो. तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली. दुपारी ती आली, आमच्याच खोलीत. बुवांनी तिला काही साखरेत घोळवून सांगितलं नाही.

"ताई, कार्ड तुम्ही चुकीचं दिलं नव्हतं. कार्ड कुणी पाहिलंच नाही. स्क्रीनवर दोघींची नावं सारखी दिसली, म्हणून डॉक्टरांनी थोरलीचं पान उघडलं. ती स्क्रीन मी केलेली आहे."

ती आधी रडायला लागली. तोंडावर पदर घेतला आणि नुसती हलत राहिली. "आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने मी ती पर्स उघडली नाही." डॉक्टरांनी तापाचं समजावून सांगितलं. त्यांनी तिच्यासमोरही 'बहुधा' हा शब्द वगळला नाही. ती ऐकत होती. मग तिने डोळे पुसले आणि बुवांकडे वळली.

"नावं कापली जातात हे तुम्हाला माहीत होतं?"

मी बोलायला हवं होतं. जागेवरून उठून म्हणायला हवं होतं, की ते मला माहीत होतं, मी ते खाली टाकलं. मी कीबोर्डकडे बघत बसून राहिले.

"हो," बुवा म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी एका सिस्टरने सांगितलं होतं. मी नंतर करू म्हटलं."

"किती दिवसांचं काम होतं?"

"एका दुपारचं."

ती त्यांच्या टेबलाकडे बघत राहिली. निळ्या-लाल खुणांची यादी तिथेच होती.

"माझ्या मुलीचं नाव तुमच्याकडे मावलं नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. दोघींचे सगळे कागद छापून मागितले, ते घेतले, आणि गेली. थोरलीला तिने परत कधी आमच्याकडे आणलं नाही.

पुढे चौकशी झाली. हॉस्पिटलने तिला माफीचं पत्र पाठवलं. अहवालात 'प्रणालीतील त्रुटी' एवढंच होतं, कुणाचं नाव नव्हतं. तसं नको म्हणून बुवांनी आपलं नाव घालायला सांगितलं, ते कुणी घातलं नाही. यादीची चौकट त्यांनी बाई गेली त्याच दुपारी रुंद केली होती. अडीच तास लागले. काम झाल्यावर मला म्हणाले, "तपास." मी जगातली लांबात लांब नावं टाकून तपासलं.

मग त्यांनी ती सुधारणांची यादी घेतली, तीनशेच्या वर ओळी होत्या, आणि एकेका वॉर्डात जाऊन एकेका नर्सला विचारायला सुरुवात केली, तुम्ही हे लिहिलं होतं तेव्हा काय झालं होतं? वर्षभर तेच केलं. 'महत्त्व' हा रकानाच काढून टाकला. पण त्यांच्या हातात पूर्वीची बात उरली नव्हती. साधा बदल केला तरी तो चालू करायचं बटण त्यांच्याने दाबवेना. "तू दाब," म्हणायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. चौकोन काढणंही बंद झालं. कागद समोर असला तर उलटा करून ठेवायचे. वर्ष संपल्यावर त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला सहा वर्षं बाकी होती.

त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले, हे सांगायचंच असं ठरवून. वहिनींनी चहा ठेवला आणि आम्हाला बोलू देत आत गेल्या. बुवा वाळलेत. दिवसभर वर्तमानपत्र वाचतात, म्हणजे पुढे धरून बसतात.

मी म्हटलं, "बुवा, ते 'कमी' मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. पुढे नाव येतं ना लिहिणाऱ्याचं. तो रकाना मीच ठेवलाय."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

त्यांनी खांदे उडवले. "तिला दोघांवर कशाला रागवायला लावायचं? एकावर रागावणं तरी जमतं माणसाला."

मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही. त्यांच्याकडे ती उरली नसावी. थोड्या वेळाने विचारलं, "तिचं काही कळतं का? थोरलीचं ऑपरेशन झालं असेल ना कुठेतरी?"

मी म्हटलं, "आपल्याकडे नाही त्याची नोंद."

"हो. नसणारच," ते म्हणाले, आणि चहा निवत ठेवून बाहेर बघत बसले.